प्रॉक्सीत ब्राउझर दिसतो, ॲप दिसत नाही: ट्रॅफिक नेमकं कुठे अडतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अँड्रॉइड फोनच्या वायफायला बर्पची, म्हणजे ॲप आणि सर्व्हरमधलं ट्रॅफिक मध्येच अडवून दाखवणाऱ्या साधनाची, प्रॉक्सी दिली, बर्पचं सर्टिफिकेट फोनमध्ये टाकलं, क्रोममध्ये उघडलेल्या साइट्स बर्पमध्ये व्यवस्थित दिसतात. पण कंपनीने टेस्टिंगला दिलेलं ॲप मात्र ‘कृपया इंटरनेट कनेक्शन तपासा’ म्हणून अडून बसतं. व्हिडिओ बघून फ्रिडाच्या (चालत्या ॲपचं वागणं बदलणारं साधन) दोन-तीन स्क्रिप्टही चालवून पाहिल्या, काही फरक नाही. तेव्हा सर्टिफिकेट पिनिंग मोडणारी, हमखास चालणारी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?

स्क्रिप्टकडे नंतर वळू. तुमच्या ॲपमध्ये पिनिंग आहे हे अजून ठरलेलंच नाही. ‘प्रॉक्सी लावली की ॲप चालत नाही’ हे लक्षण निदान चार वेगळ्या कारणांनी दिसतं. ट्रॅफिक प्रॉक्सीपर्यंत पोचतच नसेल. पोचत असेल पण फोनला तुमच्या सर्टिफिकेटवर भरवसा नसेल. भरवसा असूनही ॲप स्वतःची वेगळी तपासणी करत असेल (पिनिंग म्हणतात ते हेच). किंवा ॲपला रूट (फोनवर मिळवलेला पूर्ण ताबा), इम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन), प्रॉक्सी यांचा सुगावा लागून ते मुद्दाम गप्प बसत असेल. चारही ठिकाणी स्क्रीनवर तेच ‘इंटरनेट तपासा’ येतं, कारण डेव्हलपरने सगळ्या चुका एकाच संदेशात गुंडाळलेल्या असतात. त्यामुळे त्या संदेशावरून काहीच ठरवू नका.

पुढे जायच्या आधी परवानगीचं बघून घ्या. कंपनीने काम दिलंय म्हणता, पण ते लेखी आहे का, आणि त्यात फक्त ॲप लिहिलंय की मागचे सर्व्हरही? बहुतेक ॲप्स पेमेंट गेटवे, एसएमएस पुरवठादार, नकाशे अशा परक्या सर्व्हरशी बोलतात. तुमच्या क्लायंटची सही त्यांच्या वतीने चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली विनापरवानगी प्रवेशाबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि तो अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केला असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. ‘मी शिकत होतो’ या बचावावर विसंबू नका. म्हणून बर्पमध्ये स्कोप, म्हणजे तपासायच्या सर्व्हरची यादी, लावा आणि परकी डोमेन्स त्याबाहेर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: फोनवर अँड्रॉइड कोणतं, फोन रूट केलेला आहे का, ॲप कशात बनवलंय, डेव्हलपरकडून वेगळं बिल्ड मिळू शकतं का. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम सांगतो.

सगळ्यात आधी प्रॉक्सी काढून टाका आणि त्याच फोनवर, त्याच वायफायवर ॲप उघडा. हास्यास्पद वाटेल, पण फोन रूट केलेला असेल तर पुष्कळ बँकिंग ॲप्स प्रॉक्सीविनाही चालत नाहीत, आणि दोष प्रॉक्सीला लागतो. प्रॉक्सीविना चालत असेल तर प्रॉक्सी पुन्हा लावा आणि दोन ठिकाणी बघा. एक, बर्पचा इव्हेंट लॉग. एचटीटीपी हिस्टरी नव्हे, कारण टीएलएसचा हँडशेकच (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची ओळखदेख) फसला तर हिस्टरीत यायला काही उरत नाही. दुसरं, एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) लॉगकॅट, म्हणजे फोनच्या नोंदी, चालू करा आणि ॲपमधलं एखादं बटण दाबा.

लॉगकॅटमध्ये ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’ अशी ओळ दिसली तर फोन तुमच्या सर्टिफिकेटला ओळखत नाही. पिनिंगचा अजून संबंधच आलेला नाही. ‘सर्टिफिकेट पिनिंग फेल्युअर’ आणि त्याखाली सर्टिफिकेटांची साखळी छापलेली दिसली तर ते ओकेएचटीटीपी या लायब्ररीचं पिनिंग आहे. या दोन ओळींतला फरक न बघता लोक दिवसच्या दिवस स्क्रिप्टा बदलत बसतात. काही रिलीज बिल्ड्स (ग्राहकांना मिळणारी आवृत्ती) लॉग गिळून टाकतात हे खरं. तसं असेल तर इव्हेंट लॉगवर विसंबावं लागतं: तिथे ‘क्लायंटने टीएलएस जोडणी नाकारली, सर्टिफिकेट अननोन’ अशा अर्थाची ओळ आली तर ट्रॅफिक निदान दारापर्यंत येतंय. लॉग कोरा असेल तर ते तुमच्याकडे फिरकलेलंच नाही.

तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त शंका आहे ती भरवशाची. क्रोम चालतं आणि ॲप चालत नाही, याचं नेहमीचं कारण २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७.० मध्ये आहे. त्याआधी सेटिंग्जमधून टाकलेलं सर्टिफिकेट सगळीच ॲप्स मानत. ७.० पासून गूगलने दोन भांडारं वेगळी वागवायला सुरुवात केली: एक सिस्टिमचं, दुसरं वापरकर्त्याने भरलेलं. एपीआय पातळी २४ (म्हणजे अँड्रॉइड ७.०) किंवा तिच्यापुढचं लक्ष्य ठेवणारं ॲप आपणहून फक्त सिस्टिमचं भांडार मानतं. आज प्ले स्टोअरवर येणारं प्रत्येक नवं ॲप त्याच्या कितीतरी पुढच्या पातळीचं असतं, म्हणजे हा नियम व्यवहारात सगळ्यांनाच लागू. क्रोम मात्र वापरकर्त्याचं भांडारही मानतं. तुम्ही सर्टिफिकेट बरोबर टाकलंय, फक्त ते ॲप बघत नाही अशा कपाटात टाकलंय.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. डेव्हलपरशी बोलणं होत असेल तर मी डोळे झाकून पहिला घेतो: त्यांना डिबग बिल्ड (तपासणीसाठीची आवृत्ती) मागा, आणि त्यात नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या एक्सएमएल फाइलमध्ये ‘डिबग-ओव्हरराइड्स’ खाली वापरकर्त्याची सर्टिफिकेटं मान्य करायला सांगा. जेमतेम काही ओळींचं काम. ‘डिबग-ओव्हरराइड्स’ हाच भाग आग्रहाने सांगा, कारण तो ॲप डिबगेबल असेल तरच लागू होतो. चुकून रिलीजमध्ये राहिला तरी निष्प्रभ. घाईतले डेव्हलपर हीच ओळ ‘बेस-कॉन्फिग’ मध्ये टाकतात आणि ती थेट प्ले स्टोअरवर जाते. रिलीज एपीके (ॲपची फाइल) उघडून ती तिथे आहे का हे तपासा. सापडली तर तुमच्या अहवालातला तो एक मुद्दा झाला.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण खऱ्या हल्लेखोराला कुठे डिबग बिल्ड मिळणार?’ बरोबर आहे, मिळणार नाही. पण समोर कोणतं बिल्ड आहे हे सर्व्हरला सहसा कळतच नाही. तपासायचा असतो तो सर्व्हर. क्लायंटने दिलेल्या मोजक्या दिवसांतले निम्मे कुलूप उघडण्यात घालवले तर आतली खोली बघायला वेळ उरत नाही. रिलीज बिल्डचं पिनिंग, रूट तपासणी किती टणक आहे हे वेगळं तपासा, वेगळ्या शीर्षकाखाली लिहा.

डेव्हलपर दाद देत नसेल तर दुसरा रस्ता, सर्टिफिकेट सिस्टिमच्या भांडारात घालण्याचा. त्यासाठी रूट हवं. इम्युलेटर वापरत असाल तर ‘गूगल प्ले’ लिहिलेली इमेज घेऊ नका, ‘गूगल एपीआयज’ लिहिलेली घ्या. पहिलीवर एडीबी रूट देत नाही. सर्टिफिकेटची फाइल विशिष्ट नावाने लागते: ओपनएसएसएल या साधनाकडून जुन्या पद्धतीचा सब्जेक्ट हॅश (सर्टिफिकेटवरच्या नावावरून निघणारा आकडा) काढायचा आणि त्यापुढे बिंदू-शून्य जोडायचं. फाइलची परवानगी ६४४. इथवर सगळ्या मार्गदर्शकांत असतं. जे बहुतेक जुन्या मार्गदर्शकांत नसतं ते हे: अँड्रॉइड १४ पासून ही सर्टिफिकेटं सिस्टिम फोल्डरमधून वाचली जात नाहीत, कॉन्सक्रिप्ट नावाच्या वेगळ्या अद्ययावत होणाऱ्या मॉड्यूलमधून वाचली जातात. जुन्या जागी फाइल ठेवली तर ती तिथे दिसते, सेटिंग्जही कुरकुर करत नाहीत, आणि ॲप तरीही मानत नाही. मॅजिस्क या रूट करणाऱ्या साधनाची अलीकडची मॉड्यूल्स हे सांभाळून घेतात, प्रत्येक प्रोसेसच्या नजरेत ते फोल्डर बदलून. पण हाताने करायचं तर डोकेदुखी आहे. माझा सल्ला साधा: ॲप जुन्या आवृत्तीवर चालत असेल तर अँड्रॉइड ११ ते १३ मधली इम्युलेटर इमेज घ्या. ११ पासूनच्या इमेजेस एआरएमसाठी (फोनमधल्या प्रोसेसरसाठी) बनवलेल्या लायब्ऱ्याही इंटेलच्या लॅपटॉपवर चालवून घेतात, म्हणजे ती जुनी अडचणही जाते.

सर्टिफिकेट सिस्टिम भांडारात गेलं की एक फैसला आपोआप होतो. ॲप चालायला लागलं तर पिनिंग नव्हतंच. तरीही नाकारत असेल तर पिनिंग आहे, आणि आता कुठे त्याच्याकडे बघायचं.

सोसायटीचा साधा वॉचमन ओळखपत्र खरं दिसलं की आत सोडतो. पिनिंगवाला वॉचमन म्हणतो, ओळखपत्र खरं असेलही, पण माझ्या वहीत तुमचं नाव नाही. ॲपमधली ती वही म्हणजे सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचा एसएचए-२५६ हॅश. तो दोन ठिकाणी सापडतो: नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगच्या ‘पिन-सेट’ मध्ये, किंवा कोडमध्ये. एपीके जॅडेक्समध्ये (ॲपचा कोड वाचून दाखवणारं साधन) उघडा आणि आधी ती एक्सएमएल बघा. ‘पिन-सेट’ ला समाप्तीची तारीख देता येते, आणि ती उलटून गेली की अँड्रॉइड पिनिंग करणं बंद करतं. क्लायंट म्हणतो आमच्याकडे पिनिंग आहे, आणि फाइलमध्ये मागच्या वर्षीची तारीख. हे अधूनमधून सापडतं.

कोडमधलं पिनिंग असेल तर तुमच्या स्क्रिप्टा का फसल्या हेही इथेच कळेल. तयार स्क्रिप्टा ओकेएचटीटीपीच्या पिनिंग क्लासला त्याच्या मूळ नावाने शोधतात. रिलीज बिल्ड करताना आर८ हे साधन क्लासची नावं बदलून एका-दोन अक्षरांची करून टाकतं. स्क्रिप्टला ते नाव सापडत नाही, ती गपचूप पुढे जाते आणि शेवटी ‘पिनिंग बंद केलं’ असं दिमाखात छापते. नावं बदलली तरी मजकूर बदलत नाही, म्हणून जॅडेक्समध्ये मघाचंच ते ‘सर्टिफिकेट पिनिंग फेल्युअर’ हे इंग्रजी वाक्य शोधा. ते ज्या मेथडमध्ये सापडेल तीच तुमची मेथड, मग तिचं नाव ‘ए’ असो की ‘बी’. फ्रिडाने त्या नेमक्या मेथडला हुक लावून, म्हणजे मध्येच अडवून, रिकामी परत पाठवली की काम झालं. बाजारातल्या लांबलचक स्क्रिप्टपेक्षा ही पाच-सात ओळींची भरवशाची.

आता इव्हेंट लॉग कोरा असेल तर. वायफायमधली प्रॉक्सी ही अँड्रॉइडने ॲपला केलेली सूचना आहे, सक्ती नाही. ती न मानणाऱ्यांत पहिला नंबर फ्लटरचा, म्हणजे ॲप बनवायच्या गूगलच्या साधनसंचाचा. एपीके म्हणजे झिपच. उघडून लिब फोल्डरमध्ये ‘लिबफ्लटर’ नावाची फाइल आहे का बघा. असेल तर डार्ट या फ्लटरच्या भाषेचा नेटवर्कचा भाग वायफायची प्रॉक्सी विचारात घेत नाही, सर्टिफिकेटची तपासणीही आपल्या पोटातल्या बोरिंगएसएसएल या लायब्ररीत करतो. जावाच्या हुक्सचा इथे काडीचा उपयोग नाही. ट्रॅफिक जबरदस्तीने वळवावं लागतं: रूट असेल तर फोनवरच आयपीटेबल्सने (ट्रॅफिकची वाट बदलणारं साधन) एचटीटीपीएसचं ४४३ चं पोर्ट बर्पकडे फिरवा आणि बर्पच्या त्या लिसनरला ‘इनव्हिजिबल प्रॉक्सी’ चालू करा, नाहीतर बर्पला कळणारच नाही की ही विनंती कुठे जायची होती. रूट नसेल तर एमआयटीएमप्रॉक्सी या बर्पसारख्याच साधनाचा वायरगार्ड (एक व्हीपीएन) मोड वापरून पाहा. तो २०२२ मध्ये नवव्या आवृत्तीत आला. फोनवर वायरगार्डचं नेहमीचं ॲप टाकायचं, एमआयटीएमप्रॉक्सीने दिलेली जुळणी भरायची, की ॲपला आवडो न आवडो, सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून तुमच्याकडे. भरवशाचा प्रश्न मात्र उरतोच. सर्टिफिकेट सिस्टिम भांडारात लागतंच. तरीही नकार आला तर लिबफ्लटरमधलं तपासणीचं फंक्शन फ्रिडाने गाठायचं किंवा रीफ्लटर या साधनाने एपीके पुन्हा बांधायचं. रिॲक्ट नेटिव्ह या दुसऱ्या साधनसंचाला यातलं काही लागत नाही. अँड्रॉइडवर ते ओकेएचटीटीपीच वापरतं.

ट्रॅफिक असं वळवलेलं असताना यूडीपीचं ४४३ बंद करून टाका. काही ॲप्स क्विक या यूडीपीवरच्या प्रोटोकॉलवर बोलतात आणि बर्पला ते ऐकू येत नाही. वाट बंद दिसली की ती मुकाट्याने टीसीपीवर येतात. आणि ॲप मुळात एचटीटीपी बोलतच नसेल, उदाहरणार्थ एखाद्या स्मार्ट उपकरणाचं ॲप एमक्यूटीटी या उपकरणांच्या प्रोटोकॉलवर ८८८३ पोर्टने, तर बर्पचा नाद सोडून वायरशार्क हे सगळं नेटवर्क ट्रॅफिक दाखवणारं साधन उघडा.

आयफोनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल म्हणून: आयओएस १०.३ पासून प्रोफाइल टाकणं पुरत नाही, सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, मग सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथे जाऊन पूर्ण भरवशाचं बटण चालू करावं लागतं. ते केलं की पिनिंग नसलेली ॲप्स सरळ दिसतात. अँड्रॉइडसारखी दोन भांडारांची भानगड नाही.

समजा ट्रॅफिक दिसायला लागलं. आपल्याकडच्या बँकिंग आणि पेमेंट ॲप्समध्ये पुढचा धक्का इथे बसतो: विनंती दिसते, पण तिच्या आत एकच फील्ड आणि त्यात बेस६४ चा लांबच लांब गिचमिड मजकूर. ॲपने दर सत्राला नवी एईएस किल्ली बनवली, ती सर्व्हरच्या आरएसए किल्लीने गुंडाळली आणि मजकूर त्यात कोंबला. टीएलएसवर अजून एक कुलूप. अँड्रॉइडच्या सायफर क्लासच्या ‘डूफायनल’ ला फ्रिडाने हुक लावलं की कुलूप लागायच्या आधीचा साधा मजकूर दिसतो. पण बदल करून परत पाठवायचं तर हे सगळं बर्पच्या एक्स्टेंशनमध्ये लिहावं लागतं. यूएटीच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या, सर्व्हरवर हा थर बंद करून द्या म्हणून आधी मागून बघा. मिळालं तर आठवडा वाचतो. आणि विनंती दिसतेय पण सर्व्हर ४०० देऊन ‘आवश्यक एसएसएल सर्टिफिकेट पाठवलेलं नाही’ म्हणत असेल, तर सर्व्हरला ॲपचं स्वतःचं सर्टिफिकेट हवंय. ते बहुधा एपीकेच्या ॲसेट्समध्ये असतं आणि पासवर्ड कोडमध्ये. बर्पच्या क्लायंट सर्टिफिकेटच्या रकान्यात ते भरा.

एवढा खटाटोप कशासाठी ते एका उदाहरणाने सांगतो. एका पतसंस्थेचं ॲप आमच्याकडे आलं होतं. पिनिंग चोख, रूट तपासणी कडक, फ्रिडा दिसली की ॲप बंद. विनंत्या उघडल्यावर मिनी स्टेटमेंटच्या विनंतीत खाते क्रमांक साधा लिहिलेला होता. आमच्याच दुसऱ्या टेस्ट खात्याचा क्रमांक तिथे टाकला, पहिल्याचं लॉगिन तसंच ठेवलं, आणि दुसऱ्या खात्याचे व्यवहार आले. सर्व्हर टोकन (लॉगिनची खूण) कुणाचं आहे हे बघत होता, खातं कुणाचं आहे हे बघत नव्हता. दारावर चार कुलपं, आत भिंतच नाही. म्हणून दोन टेस्ट खाती आधीच मागून ठेवा. खऱ्या ग्राहकाचा क्रमांक टाकून बघायचा मोह होतो, तो टाळा.

यावरूनच अहवालाबद्दल. ‘पिनिंग बायपास झालं’ हे काहीजण ‘हाय’, म्हणजे गंभीर, म्हणून लिहितात. स्वतःच्या रूट केलेल्या फोनवर, स्वतःच्या फ्रिडाने, पुरेसा वेळ दिला तर ते होणारच. मी ते माहितीवजा नोंदवतो. अँड्रॉइडची अधिकृत कागदपत्रं तर पिनिंग करूच नका असा सल्ला देतात, कारण उद्या सर्टिफिकेट बदललं की जुनं ॲप असलेला प्रत्येक ग्राहक बाहेर. याउलट एक तपासणी लोक विसरतात आणि ती खरी गंभीर आहे. फोनमधून बर्पचं सर्टिफिकेट पूर्ण काढून टाका, प्रॉक्सी तशीच ठेवा, ॲप चालवा. ॲप चालत राहिलं आणि बर्पमध्ये सगळं दिसत राहिलं, तर ते कुणाचंही सर्टिफिकेट मानतंय. टेस्टिंगच्या वेळी तपासणी बंद करणारा रिकामा ट्रस्ट मॅनेजर कोडमध्ये राहून गेलाय. मग रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलेल्या कुणालाही तेच दिसणार. हे ‘हाय’ लिहा.

काम झालं की फोनला लावलेली प्रॉक्सी काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोनचं इंटरनेट का गेलं म्हणून शोधत बसाल. हे सगळं रोजच्या वापराच्या फोनवर करू नका. तुमच्याच बर्पच्या किल्लीने उघडणारा फोन खिशात घेऊन हिंडणं बरं नाही. बर्पच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये टोकन्स, नावं, मोबाइल क्रमांक सगळं साठतं, ती एन्क्रिप्टेड डिस्कवर ठेवा आणि करारात ठरलेल्या मुदतीत पुसा.

आता तुम्ही एवढं करा: अँड्रॉइडची आवृत्ती, फोन रूट आहे का, लॉगकॅटमधली ती त्रुटीची ओळ आणि एपीकेच्या लिब फोल्डरमधल्या फाइलींची नावं इथे लिहा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल. ॲपचं नाव, डोमेन आणि टोकन मात्र लिहिण्याआधी खोडा.